एकशे त्रेचाळीस दिवसांची साखळी

ध्येयं लिहून काढायची कल्पना इल्पोची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे, आणि निदान सुरुवात तरी माझी नव्हती एवढं समाधान मला हवंय.

इल्पो माझा धाकटा भाऊ, सदतीस वर्षांचा. हेलसिंकीतल्या एका मोठ्या गेम कंपनीत अकरा वर्षं तो आवाज बनवत होता. नाणी खुळखुळल्याचा, पेटी उघडल्याचा, हरल्यावर माणसाला पुन्हा खेळावंसं वाटेल असा. एका सकाळी कंपनीने चाळीस जणांना घरी पाठवलं, त्यात हाही होता. सप्टेंबरात तो दोन पेट्या आणि एक मायक्रोफोन घेऊन आई-वडिलांच्या घरी, म्हणजे आता माझ्या घरी, राहायला आला. आमचं घर तळ्याच्या काठावर, कायानी शहरापासून अर्ध्या तासावर. मी गावच्या नगरपालिकेत संगणकाचं काम बघते. म्हणजे इतरांनी बिघडवलेलं नीट करते आणि वर त्यांचीच बोलणी खाते.

त्याला स्वतःचा गेम करायचा होता. याआधी दोन सुरू केले होते, दोन्ही अर्धवट राहिले. तिसरा मात्र मलाही आवडला. माणूस गोठलेल्या तळ्यावरून पलीकडच्या काठाला निघालाय. पडदा नुसता पांढरा. कानाला हेडफोन लावायचे, बर्फ काय म्हणतो ते ऐकायचं आणि पाऊल कुठे टाकायचं ते ठरवायचं. चुकलात की पाण्यात. रोज एकच पायरी खेळता येते, आणि एक दिवस जरी चुकवला तरी पुन्हा पहिल्या पायरीवर.

"चित्रं काढणाऱ्याला द्यायला पैसे नाहीत, म्हणून चित्रंच नाहीत," तो म्हणाला. "आवाज विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून दारातलं तळं. कोड लिहिणाऱ्याला द्यायला पैसे नाहीत, म्हणून तू."

"वा रे वा! आणि जेवणाला?"

"त्यालाही तूच."

सहा डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, खिडकीत दोन मेणबत्त्या लावून आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीला राजवाड्यात शिरणाऱ्या पाहुण्यांची रांग चालली होती आणि मी बायकांच्या कपड्यांना नावं ठेवत होते. इल्पोने कागद पुढे ओढला आणि वर लिहिलं, 'ध्येयं'. खाली तीन ओळी खरडल्या. लाखभर खेळाडू. एखादं बक्षीस. आणि ज्या साहेबाने काढलं त्याच्या बायकोच्या फोनवर हा गेम दिसला पाहिजे. तिसरी वाचून मी हसले. त्याने तिन्ही ओळींवर काट मारली.

"का रे? तिसरी चांगली होती."

"हे नवस झाले, औती. त्यातलं माझ्या हातात काहीच नाही. मागचे दोन्ही गेम असल्या नवसांपायी बुडाले. ध्येय म्हणजे काय, तर संध्याकाळी विचारलं की आज केलंस का, तर हो किंवा नाही एवढंच उत्तर देता आलं पाहिजे."

मग त्याने नव्याने लिहिलं. रोज तळ्यावर जायचं. काठापासून किमान शंभर मीटर आत. बर्फाचा एक नवा आवाज टिपायचा. दीडशे दिवस, दीडशे आवाज, दीडशे पायऱ्या. चार मेला गेम बाजारात.

कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं, 'रोज एक तास कोड.'

"आणि दुसरं?"

"दुसरं कसलं?"

"मला शहाणपण शिकवायचं नाही. दीडशे दिवस. इल्पो टोपी घाल, इल्पो झोप, इल्पो नोकरी बघ, काही नाही."

"हे ध्येय आहे की शिक्षा?"

"संध्याकाळी हो किंवा नाही सांगता येतं ना? मग ध्येयच. तुझं मी सांगत जाईन."

आम्ही दोघंही हसलो. मी ते लिहिलं. आई गेल्यापासून त्याची आई व्हायची मला खोड लागली होती आणि ती त्याला काचत होती, हे मला कळत होतं. हिंमत करून एकदा ती सोडून बघावी असं मलाही वाटलं.

मोजणीसाठी मी एक छोटं ॲप लिहिलं. तीन संध्याकाळी गेल्या, पण झकास झालं. त्याचा आकडा माझ्या फोनवर दिसायचा, माझा त्याच्या. त्याने आवाज टिपला की फोन स्वतःच जागा तपासायचा. काठापासून शंभर मीटर आत असेल तरच आकडा एकाने वाढायचा. दुपारी एकपर्यंत दिवसाचं काम झालं नसेल तर फोन आठवण करायचा, 'इल्पो, आजचं राहिलंय.' त्यासाठी त्याने स्वतःच एक आवाज बनवला होता, बोटाच्या पेराने दारावर दोनदा टकटक केल्याचा. मी घरात असताना तो वाजला की मीसुद्धा दाराकडे बघायचे.

"माफीचा दिवस ठेवू का एखादा?" मी विचारलं होतं. सगळ्या गेममध्ये असतो. सलग दिवसांची साखळी एकदा तुटली तर जोडून मिळते.

"अजिबात नको. मी लबाड आहे. फट ठेवलीस तर त्यातून मी पहिल्याच आठवड्यात पळेन."

म्हणून माफी ठेवली नाही. आकडा पुसायची किल्ली मात्र माझ्याकडे होती, कारण लिहिणाऱ्याकडे ती असतेच.

पहिले दोन महिने सुखाचे गेले, हे कबूल करायला हवं. डिसेंबरचं तळं बडबडं असतं. नवा बर्फ ताणला जातो, किंचाळतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिट्टी घालत जातो. इल्पो लाल नाकाने परत यायचा आणि कॉफी ओतायच्या आधी मला आवाज ऐकवायचा. तेराव्या दिवशीचा आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा होता, शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं. मीही रोज माझा तास भरत होते. आणि शहाणपण गिळत होते. संध्याकाळी तो माझ्याकडे बघून, "आज पास!" म्हणायचा आणि माझा आकडा वाढवायचा. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. तो आकडा बघून मला बरं वाटायचं. लाज वाटते, पण वाटायचं.

जानेवारीत पारा उणे एकतीसवर गेला. तो गेला आणि दोन बोटांची टोकं पांढरी करून आला. मी काही बोलले नाही. कोमट पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. दोन दिवसांनी अंगात एकोणचाळीस अंश ताप फणफणत असताना गेला. मी काही बोलले नाही.

फेब्रुवारीत त्याची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई, वारली. ओउलूला अंत्यविधी होता. मातीवर फुलं ठेवून झाल्यावर सगळे कॉफीला बसले. तिथे मृताबद्दल चार शब्द बोलायचे असतात, आणि तिच्या मुलीने इल्पोचं नाव कागदावर लिहून ठेवलं होतं. नाव पुकारलं तेव्हा खुर्ची रिकामी. हा पठ्ठ्या दुपारची बस पकडून सटकला होता, कारण अंधाराच्या आत तळ्यावर पोचायचं होतं. ती मुलगी मला म्हणाली, "तुझ्या भावाला आमच्या आईपेक्षा बर्फ मोठा झाला का गं?" मान खाली घालून मी केकचा तुकडा गिळला. घरी आले तेव्हा तो चुलीपाशी बसला होता.

"सत्तर," तो म्हणाला.

माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. मी दात आवळले. तो खूश होऊन म्हणाला, "तूसुद्धा सत्तर. आज तर फारच अवघड होतं, नाही?"

त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. त्याची नाही, त्या आकड्याची. गेमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पहिले दहा दिवस माणूस साखळी ओढतो, नंतर साखळी माणसाला ओढते. लोकांना बांधायला आम्ही ती वापरतो, हे माहीत असूनही आम्ही ती स्वतःच्या गळ्यात घालून घेतली होती आणि वर रोज एकमेकांचं कौतुक करत होतो.

मार्चमध्ये चाळीस ओळखीच्या लोकांना गेम चाचणीला दिला. महिन्याच्या शेवटी आकडे बघायला बसलो. तेवीस जणांची साखळी कधी ना कधी तुटली होती. त्यातल्या एकवीस जणांनी गेम पुन्हा उघडलाच नव्हता.

"हे वाईट ना?" मी विचारलं.

"नेहमीचंच आहे. साखळी आहे तोवर माणूस येतो. तुटली की तो सुटतो. बहुतेकांना मनातून तेच हवं असतं."

"आणि उरलेले दोघं?"

"असतात काही येडे," तो म्हणाला आणि पुढचं पान उघडलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तळ्याचा रंग बदलला. पांढऱ्याचं करडं झालं, करड्याचं काळपट. शेजारच्या केइयोकाकांनी जाळी गुंडाळली आणि मासेमारीची झोपडी बर्फावरून ओढून काठावर आणली. केइयोकाका बहात्तर वर्षांचे, सबंध आयुष्य या तळ्यावर काढलेलं. ते आवराआवर करायला लागले की गावात कुणी बर्फावर उतरत नाही. एक दिवस त्यांनी इल्पोला हाक मारली. मी कपडे वाळत घालत होते, तिथून सगळं ऐकू येत होतं.

काठाशी आलेली बर्फाची एक लादी त्यांनी दाखवली, हातभर जाड. तिला बुटाचं टोक मारलं. लादी फुटली नाही, तर एकदम सुट्या सुयांचा ढीग होऊन पसरली.

"बघितलंस? जाडी बघून फसू नकोस. आत काही धरून ठेवणारं राहिलेलं नाही."

"मी ऐकून पाय टाकतो, काका. चार महिने ऐकतोय."

"काय ऐकतोस? नोव्हेंबरातला बर्फ बोलतो. दोन बोटं जाड असला तरी ओरडून सांगतो की मागे फीर. हा मुका असतो. हा काही सांगत नाही, नुसता पायाखालून जातो."

"मग शेवटच्या पायऱ्या तशाच करतो," इल्पोचे डोळे चमकले. "मुक्या. औती, ऐकलंस? शेवटच्या दहा पायऱ्यांना आवाजच नाही!"

केइयोकाकांनी माझ्याकडे बघितलं. तू तरी सांग, असं त्या बघण्यात होतं. माझा आकडा त्या दिवशी एकशे अठ्ठावीस होता. मी चादर झटकली आणि दोरीवर टाकली.

काकांनी मग हात टेकले. "जायचंच असेल तर पहाटे जा. रात्रीच्या गारठ्याने तेवढा वेळ आवळलेला असतो. पाचला उतर, सातच्या आत परत ये. उन्हं चढल्यावर पाय ठेवलास तर मी तुला ओळखत नाही."

हे मात्र त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे जायला लागला. काठाजवळचा बर्फ आधीच सुटला होता. धक्क्यावरून एक फळी टाकून तो पलीकडे उतरायचा. मी खिडकीत उभी राहून बघायचे. सातच्या आत फळी वाजायची. मग मी श्वास सोडायचे आणि अंघोळीला जायचे.

एकदा मी धंद्याचा प्रश्न असल्यासारखं विचारलं, "ती शंभर मीटरची अट वीसवर आणू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"मग ते ध्येय कसलं? तो नाश्ता झाला." तो हसला. "हे शहाणपण शिकवणं होतं का, औती?"

"छे. नुसती कोडची चौकशी."

"बरं. पास."

सत्तावीस एप्रिल. एकशे त्रेचाळीस. अजून सात दिवस राहिले होते, आणि हवामानवाल्यांनी सांगितलं होतं की आजपासून रात्रीही गोठणार नाही. पहाटे तो परत आला तेव्हा एक पाय गुडघ्यापर्यंत ओला होता. त्याने माझ्याकडे न बघता मोजे चुलीवर टाकले.

कचेरीत बसून मी ठरवलं. त्याच्याशी भांडायचं नाही, रडायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. नुसता आकडा पुसायचा. एकवीस जण सुटले होते, हाही सुटेल. चिडेल, चार दिवस तोंड बघणार नाही, चालेल. आणि मी विचार किती नीट केला होता! तो सुखरूप घरी आहे, आजचं त्याचं झालंय, पुढची फेरी उद्या पहाटे. म्हणजे रागवायला आणि राग उतरायला सबंध दिवस हातात. मी लवकर घरी जाणार, एक मेच्या वाप्पू सणासाठी दुकानात आलेले साखरेतले वडे नेणार, समोर बसणार. हवं तेवढं बोलून घे म्हणणार.

खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. तोंडाने सांगितलं असतं तर माझी साखळी तुटली असती. एकशे त्रेचाळीस दिवस मीही ओठ शिवून काढले होते. सात दिवसांसाठी ते घालवणं माझ्या जिवावर आलं. भावाच्या जिवाची काळजी होती, आणि त्या काळजीशेजारी हेही होतं. दोन्ही एकाच मनात होतं, आणि त्याची शिसारी मला रोज येते.

साडेबाराला मी किल्ली वापरली. इल्पो, शून्य.

दीडपर्यंत काही आलं नाही. ना फोन, ना शिवी. सुटला, असं मला वाटलं. माझे खांदे महिन्याभरात पहिल्यांदा सैल पडले. साहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुकानात गेले. सहा वडे कागदी पिशवीत भरून घेतले, सिमाची, म्हणजे त्या सणाला पितात त्या लिंबाच्या पेयाची, बाटली घेतली. रांगेत माझ्या पुढे दोनच माणसं होती. फोन थरथरला.

इल्पो, एक.

मी आधी चूकच समजले. दिवसाला एकच आवाज चालतो, तशी अट मीच लिहिली होती. आजचा पहाटेच झाला होता. मग लक्षात आलं. साखळी पुसताना सगळीच नोंद पुसली गेली होती, आजची पहाटसुद्धा. ॲपच्या लेखी इल्पोने आज काहीच केलं नव्हतं. आणि एक वाजता, रोजच्या नियमाप्रमाणे, त्याच्या फोनने दारावर दोनदा टकटक केली होती. इल्पो, आजचं राहिलंय.

आकड्याबरोबर त्याने टिपलेला आवाजही आला होता, तो मी उघडला. रांगेतच, सगळ्यांसमोर.

"पहिला दिवस," इल्पोचा आवाज. धाप लागलेला, पण खुशीत. "औती, तूच ना? हरामखोर." हसला. "चल, पुन्हा पहिल्यापासून." मग पावलं, ओल्या साखरेवर पडावीत तशी. बर्फाचा आवाज कुठेच नव्हता.

पिशवी तिथेच टाकून मी पळाले. घर गाडीने दहा मिनिटांवर. वाटेत त्याला सात वेळा फोन लावला. त्याच्या कानाला हेडफोन होते आणि ते मायक्रोफोनला जोडलेले होते, फोन वाजलेला त्याला कळत नसणार. हेही मला ठाऊक होतं, तरी लावत राहिले.

काठावर केइयोकाका आपली होडी लोटत होते, एकटेच, कमरेइतक्या पाण्यात. "बचाववाल्यांना कळवलंय!" ते ओरडले. "वीस मिनिटं म्हणाले. तो थांबलाय बघ. परतायची वाट काळी पडलीय त्याची, उन्हाने. त्याला दिसतंय ते."

इल्पो उभा होता. काठापासून दीडशे मीटरवर, भर उन्हात, पाय जोडून. हेडफोन लावलेले, मायक्रोफोनची काठी बर्फाला टेकवलेली. तो ऐकत होता. कुठून यायचं ते बर्फाला विचारत होता. पाच महिने त्याने तेच केलं होतं, आणि आमच्या गेममध्ये ते दर वेळी चालायचं.

मी ओरडले. एकशे त्रेचाळीस दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. आडवा हो, गाढवा! पोटावर झोप! हात पसर! पाऊल टाकू नकोस, ती काठी टाक, ऐकू नकोस त्याचं, माझं ऐक! माझा आवाज फाटला. तळ्यावर आवाज लांब जातो. हेडफोनमधूनही त्याच्यापर्यंत पोचला असणार, कारण त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. चिडला नव्हता. डावा हात वर करून त्याने तळवा मला दाखवला. थांब, गप्प राहा, ऐकू येत नाहीये.

मी गप्प राहिले. सवयीने, एक क्षणभर, मी खरंच गप्प राहिले.

मग तो तिथे नव्हता. आवाज झाला नाही. कडकड नाही, हाक नाही, काकांनी सांगितलं होतं अगदी तसं. काळ्या बर्फात एक जास्त काळा गोल होता आणि त्याच्या कडेला काठी आडवी पडली होती. मी आत धावले, दोन पावलांत गळ्यापर्यंत बुडाले, काकांनी मला केसांना धरून मागे ओढलं. होडी ओढत ते एकटे साठ मीटरपर्यंत गेले. पुढे बर्फ होडीलाही धरेना आणि सोडेना. बचाववाले आले, त्यांनी इल्पोला बाहेर काढलं तेव्हा तीन वाजून गेले होते. त्याचा चेहरा मी ओळखला, एवढंच सांगते.

पोलीसबाई चांगली होती. तिने विचारलं, मी सांगितलं. आकडा, किल्ली, साडेबारा, सगळं. तिने लिहिता लिहिता पेन थांबवलं. "फोनमधला आकडा बदलणं हा गुन्हा नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्याला थांबवायला बघत होता." मी म्हटलं, हो, तेच बघत होते. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि गाडीकडे गेली.

केइयोकाका आमच्या पायरीवर बसले होते, बचाववाल्यांनी दिलेल्या घोंगडीत. विजारीतून पाणी ठिबकत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. दोघंही तळ्याकडे बघत नव्हतो.

"तो तर पहाटे जाऊन आला होता," काका म्हणाले. "मी बघितलं त्याला. फळी उचलून ठेवली त्याने. मला हात केला. आजचं झालं म्हणाला. मग भर दुपारी कशाला गेला गं?"

"मी त्याचा आकडा काढून घेतला, काका."

"कसला आकडा?"

साधा फोनसुद्धा त्यांना धड वापरता येत नाही. मी माझा फोन खिशातून काढला. माझ्याबरोबर तोही बुडाला होता, तरी चालू होता. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"हा एक?"

"हो."

"या एकासाठी?"

मी हो म्हणाले.